वाघाचे दात

व्हिएतनाममधल्या ह्वे शहराच्या ज्या कडेला लुआचं घर होतं, तिथल्या लोकांना त्या विटांच्या गोल रिंगणाचं फारसं कौतुक नाही. त्याच्या सावलीत कोंबड्या चरतात, बायका शेंगा सोलत बसतात. राजे इथे हत्ती आणि वाघाची झुंज लावत, हे पोरांना शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं. जिंकायचा तो हत्तीच, हेही. हत्ती म्हणजे राजाची सत्ता, ती हरून कसं चालेल? म्हणून वाघाची नखं उपटून, दात पाडून मगच त्याला आत सोडत.

लुआ इतकी वर्षं पर्यटकांसाठी पंख्यांवर कमळं रंगवत आली होती. सायगॉनच्या एका प्रकाशनातल्या तोआनने तिला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायला सांगितलं, शूर हत्तीचं. पुस्तकावर आपलं नाव येणार, ह्या आनंदात ती रोज रिंगणात जाऊन बसायची. वाघ तिने जसा असणार तसाच रंगवला. गाल बसलेले, ओठ आत गेलेले.

तोआनचा फोन आला. "लुआ, हा वाघ आहे की म्हातारी मांजर?"

"दादा, तसाच असायचा तो. दात नसायचे त्याला."

"मग हत्ती शूर कसला? पोरं हसतील आपल्याला. दात काढ त्याचे चांगले, सुऱ्यांसारखे. आणि नखंही."

लुआने काढले. चित्र झकास दिसलं, आणि त्याचीच तिला किळस आली. पण नवरा दानांगला बांधकामावर, घरात ती आणि मुलगी मिएन. किळस आली म्हणून पुस्तक कोण सोडतं?

मग घरात वास येऊ लागला. कोळंबीच्या खारवणाचा वास लुआच्या नाकाला जन्मापासून ओळखीचा, त्याने तिच्या तोंडाला पाणी सुटे. हा वास वेगळाच होता. गोड, कोमट, कुणाच्या तरी आजारी तोंडासारखा. कपाटामागे उंदीर मेला असेल म्हणून तिने कपाट ओढलं. फरशी धुतली. शेवटी तो वास तिला चित्रांच्या चवडीपाशी घेऊन गेला.

वाघाच्या तोंडावर एक करडा, ओलसर गोळा होता. काय आहे हे कळायच्या आत तिने बोट लावलं. तंतू लागले हाताला. चावून चावून लगदा केलेलं डुकराचं मांस.

"मिएन! हे काय केलंस?"

मिएन दारात उभी राहिली. घाबरलेली मुळीच नव्हती. "त्याला चावता येत नाही ना."

"कुणाला?"

"त्याला. दात नाहीत त्याला."

"अगं, चांगले मोठे दात काढलेत मी त्याचे!"

"हो," मिएन म्हणाली. "तूच काढलेस."

लुआने फडक्याने गोळा पुसला, तर त्याबरोबर रंगही आला. पांढरे दात फडक्यावर उतरले आणि कागदावर लाल, सुजलेल्या हिरड्या राहिल्या. हिरड्या तिने रंगवल्याच नव्हत्या. रंग ओला राहिला असेल, खालचा लाल वर आला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दात पुन्हा रंगवले, चित्र लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. मिएनला आजीकडे धाडलं.

सकाळी तिने कपाट उघडलं. गोळा पुन्हा तिथेच होता. अजून कोमट. आणि मिएनच्या तोंडात मावेल त्याहून बराच मोठा.

तिने चित्रं त्याच दिवशी पाठवून दिली. वास गेला. मिएन आजीकडून परत आली. छापलेलं पुस्तक हातात आलं तेव्हा लुआने वाघाचं पान नाकाला लावून पाहिलं. शाईचा वास, बाकी काही नाही. तिला रडूच फुटलं.

वाचनालयात पुस्तकाचा समारंभ झाला. मुलं चटयांवर बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर एक पुस्तक. मांस भरलेले तांदळाचे उंडे वाटले. तोआन मुद्दाम सायगॉनहून आला होता.

"बघ," तो तिच्या कानाशी म्हणाला, "शौर्य म्हटलं की पोरं कशी चिडीचूप होतात."

खरंच चिडीचूप होती. लुआने पाहिलं. सगळी पुस्तकं वाघाच्याच पानावर उघडी होती. सगळ्यांचे गाल फुगलेले, जबडे सावकाश हलत होते.

गिळत कुणीच नव्हतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी पानावर वाकली.

"दादा, थांबवा त्यांना," असं लुआला म्हणायचं होतं.

तोंड उघडेना. तिने उंडा घेतलाच नव्हता, तरी तोंडात घास होता. मऊ, पार लगदा झालेला.

जीभ फिरवून ती तो घास एका गालात जपून गोळा करत होती.