कुंडाची स्मरणपट्टी

मंगळवारी सकाळी देवरुखच्या औषधघरातलं कुंड सांभाळणाऱ्या सरोज घोसाळकरला ते निवळलेलं दिसलं. कुंड गढूळ असलं की ते जिवंत. निवळलं म्हणजे आतले जिवाणू फुटून मेले.

इन्शुलिन आता तालुक्यातच तयार होई, अशा कुंडांत पाळलेल्या जिवाणूंकडून. देवरुखच्या कुंडावर चारशे रुग्ण जगत होते, त्यांत सरोजची नणंद. साठा जेमतेम पाच दिवसांचा.

दोष कोणाचा, हे गावाने ठरवूनही टाकलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी नळाला पाणी नव्हतं, तेव्हा सरोजने कुंडाची नळी विहिरीच्या पाण्याने धुतली होती. जिवाणूंना मारणारा विषाणू त्यातूनच आला असणार. तिलाही तसंच वाटत होतं.

दुपारी रत्नागिरीहून डॉ. नौशाद परकार आले. अकरा वर्षांपूर्वी हे कुंड त्यांनीच उभारलं होतं. तळाच्या गाळातला थेंब त्यांनी जनुकं वाचणाऱ्या यंत्रात सोडला.

"सगळे मेले का हो डॉक्टर?"

"लाखात एखादा वाचतो, सरोजताई. विषाणू आत शिरला की हा वाचणारा जिवाणू विषाणूच्या जनुकाचा तुकडा तोडून स्वतःच्या जनुकात टाचून ठेवतो. पोलीस ठाण्यात चोराचा फोटो लावतात ना, तसा. चोर पुन्हा आला की फोटोशी ताडायचं आणि कात्री चालवायची. या फोटोंच्या रांगेला आम्ही स्मरणपट्टी म्हणतो. नवा फोटो पुढे लागतो, जुने मागे सरकतात. पुढच्या पिढ्यांना ती आयती मिळते."

पडद्यावर अक्षरं उमटली. परकारांनी ती शेवटपर्यंत दोनदा वाचली.

"वाचलेत. यांच्यापासून चार दिवसांत कुंड भरेल."

सरोज स्टूल ओढून पडद्याजवळ बसली. डोळे पुसत म्हणाली, "पण ते विहिरीचं पाणी..."

"विहिरीचा संबंध नाही. याच विषाणूचा फोटो मागे नवव्या जागी आहे. पहिल्या वर्षीच्या गोठवलेल्या नमुन्यातही आहे, म्हणजे विषाणू तेव्हापासून इथेच आहे. आता त्याने जनुकातलं फक्त एक अक्षर बदललं, म्हणून जुना फोटो जुळला नाही."

"तेव्हा तर मी इथे नव्हते!"

"मी होतो." परकारांनी चष्मा काढला. "पहिल्याच महिन्यात कुंड आजारी पडलं होतं. दोन दिवसांत सावरलं, म्हणून मी कुणाला कळवलं नाही. आता अहवालात लिहितो. माझ्या नावानिशी."

शनिवारी कुंड पुन्हा गढूळ झालं. साठा संपायच्या आत नणंदेची कुपी घरी पोचली. ज्यांनी बोल लावले होते, तेच आता सरोजला चहाला बोलावू लागले. तिला चार दिवसांनी भूक लागली.

परकार रत्नागिरीला निघाले, तेव्हा तिने त्यांना विचारलं, "तो परत येईल?"

"येईल. पाइपांत दबा धरून आहेच. पुन्हा एखादं अक्षर बदलेल. दरवेळी लाखातला एखादा वाचला, की आपलं भागतं."

सरोजने हसून मान डोलावली. उरलेल्या लाखांना मरताना काही कळत असेल का, हे मात्र तिने विचारलं नाही.