उखर्डी आणि अभया

बारशाच्या सकाळी वृषालीच्या मेहरूणमधल्या फ्लॅटमध्ये नावावरून जुंपलीच. सासू पुष्पाबाई सोनगीरहून आल्या, त्या नातीचं नाव ठरवूनच.

"उखर्डी ठेव," त्या सुनेला म्हणाल्या. "बठ्ठा गावले माहीत शे. उकिरडानी पोर कोणी उचलस नही."

वृषालीची आधीची दोन बाळं बारशाआधीच गेली होती. दोन्ही भरदुपारी, पाळण्यात. ताप नाही की खोकला नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिसऱ्या खेपेला सासूनं धसका घेतला, यात नवल ते काय? पण वृषाली शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

"माझी मुलगी कचरा नाही, आई. तिचं नाव अभया. जिला भय नाही, आणि जिच्या हाताखाली दुसऱ्यालाही उरत नाही. देवीचा एक हात वर असतो ना, तो. तिला मी कुणापासून लपवणार नाही."

"मग मना शब्दले काही किंमत नही?"

"आहे ना. तुमचं नाव वरवंट्याला ठेवू."

बारशाला वरवंटा बाळासारखा नटवून पाळण्याखालून फिरवतात आणि बाळाशेजारी निजवतात, तसंच केलं. नणंद रूपानं त्याला कुंची घातली, नाडीची गाठ मारली आणि अर्धवट हसत त्याच्याकडे वाकून म्हणाली, "उखर्डी." मग बाळाच्या कानात, "अभया." बायकांनी कुर्र करत रूपाच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या.

दुपारी सगळ्या पांगल्या, पुष्पाबाई तेवढ्या राहिल्या. वृषालीनं वरवंटा कुंचीसकट ओट्यावर नेऊन ठेवला. उचलताना तो कोमट लागला. बाळाला चिकटून होता म्हणून असेल, असं म्हणून ती पाळण्याशेजारी आडवी झाली.

पडदा हलत नव्हता, तरी पाळणा झुलू लागला. दोरी करकरली. खोलीत नासक्या दुधाचा वास आला. आधीच्या दोन्ही दुपारी हाच वास आला होता. तेव्हा तिनं वेड्यासारखी पातेली हुंगून पाहिली होती.

दारात पुष्पाबाई उभ्या होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"उखर्डी म्हन," त्या पुटपुटल्या. "आजून म्हन."

वृषाली उठली. संताप भीतीहून मोठा होता. तिनं पाळण्याची दोरी मुठीत धरली आणि त्या वासाच्या दिशेनं म्हणाली,

"हिचं नाव अभया आहे. दोन नेलीस, तेव्हा त्यांना नावं नव्हती. मला हाकासुद्धा मारता आल्या नाहीत. हिला नेऊन दाखव. जिथं नेशील तिथवर नावानं हाका मारत येईन."

दोरी हातातून ओढली जात होती. तळहात सोलवटला. तिनं सोडली नाही.

ओढ थांबली.

वास तिच्या अंगावरून स्वयंपाकघराकडे गेला.

ओट्यावर काहीतरी हललं. मग बाळ रडलं. बारीक, कोवळं.

वृषालीनं पाळण्यात पाहिलं. अभया गाढ झोपली होती. पोट वरखाली होत होतं, एक पंजा उघडून वर झाला होता.

ओट्यावरचं रडणं थांबलं.

दोघी आत गेल्या. कुंची तिथंच होती, रूपानं मारलेली गाठ तशीच. आत वरवंटा नव्हता.

पुष्पाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. वृषालीनं कुंचीत हात घातला. कापड अजून गरम होतं, आणि तोंडापाशी दुधानं ओलं.