सात नंबरच्या उट्या

लष्कराने सोडून दिलेली ती जुनी धावपट्टी म्हणजे शिकाऊ ड्रायव्हरांना वरदानच. आपटायला झाड नाही की भिंत नाही. ताईंनी तिथे वीस वर्षं गाडी शिकवली. तेवढीच वर्षं त्यांचे वडील कडेला खुर्ची टाकून बसले, पायाशी दोन लाकडी उट्या घेऊन, विमानाची चाकं घरंगळू नयेत म्हणून लावतात तसल्या.

युद्धात बाबा इथेच मेकॅनिक होते. रिवाज असा, की उड्डाणाआधी ज्याने उट्या काढल्या त्यानेच विमान परतल्यावर त्या लावायच्या. तोवर त्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत. सात नंबरचं विमान परतलंच नाही. त्याच्या तेलाच्या टाकीचं झाकण आपण घट्ट केलं होतं, की घाईत विसरलो? साठ वर्षं या एका प्रश्नाने त्यांच्या झोपेचं खोबरं केलं होतं, आणि घरच्यांच्याही.

उद्या धावपट्टी उखडणार होते.

"बाबा, चला आता. चार वाजून गेले."

"थांब गं जरा. वारा फिरलाय."

वारा मुळीच नव्हता. तरी पट्टीच्या टोकाचं गवत आडवं झालं. मग त्याच्या अलीकडचं. मग अगदी जवळचं. गाडीच्या काचा थरथरल्या, जळक्या रबराचा वास आला. आवाज मात्र कसलाच नाही.



बाबा काठी न घेताच चालत गेले. वाकून दोन्ही उट्या पट्टीवर ठेवल्या, ठोकून बसवल्या. मग टाचा उंचावून हवेत हात घातला आणि मूठ वळवून पाहिली. पुन्हा पाहिली.

"घट्ट आहे! अगं, घट्टच होतं!"

ते हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताईंनाही रडता रडता हसू फुटलं. गाडीत बसताक्षणी म्हातारा घोरू लागला. इतकं हलकं ताईंना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आठवणीसाठी उट्या घरी न्याव्यात, म्हणून ताई पट्टीवर परत गेल्या.

उट्या हलेनात.

दोन्ही हातांनी ओढल्या, बुटाने ठोकरल्या. जाम.

वर आकाश स्वच्छ होतं. त्यांच्या मनगटावर तेलाचा एक थेंब पडला. कोमट.

ताईंनी तो ओढणीला पुसला आणि मान वर न करता, वाकूनच मागे सरकल्या.