सातव्या हाताची बोटं

शनिवारी दुपारी आजोबा बदाम आणायला निघाले, तेव्हा त्यांच्या मनात भीतीबिती काही नव्हती. उलट बऱ्याच दिवसांनी मन हलकं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, थोडे बदाम घ्यायचे, भिजवून सोलायचे, सुरीने उभे अर्धे करायचे, एवढंच काम.

"आज बदाम, आजोबा? गुडघ्यांसाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"नखांसाठी."

दुकानदार त्यांच्या नखांकडे बघत राहिला. आजोबांनी त्याला बघू दिलं, पुडी खिशात घातली आणि सावकाश घरी आले.

त्यांच्या नातीनं, चिमीनं, संध्याकाळी वर्गातल्या पाच मैत्रिणींना घरी सिनेमा बघायला बोलावलं होतं. हॅलोविन म्हणून काहीतरी असतं, त्या दिवशी भुताचा सिनेमा बघायचा आणि खाऊही भुताखेतांचाच खायचा, असं तिनं आजोबांना मांडी घालून समजावलं होतं. मक्याच्या लाह्या तर असणारच. अर्धी अर्धी केळी उभी करून त्यांना चॉकलेटचे डोळे लावले की झाली भुतं, ते चिमी स्वतः करणार होती. पण मुख्य होती ती बोटं. बिस्किटाची बोटं, टोकाला बदामाचं नख, बुडाशी लाल जॅम. आणि ती आजोबांनीच करायची.

आजोबांनी पस्तीस वर्षं बेकरीत भट्टी सांभाळली होती. शाळेत कधी गेले नाहीत, पण पिठाला हात लावला की ते कालचं की आजचं हे सांगायचे. म्हातारपणी मात्र दोनदा त्यांच्या हातून गॅस चालू राहिला. दुसऱ्या वेळी दूध जळून सगळ्या जिन्यात वास गेला. सुनेनं ओव्हनचं फिरवायचं बटण उपसून काढलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. भांडली नाही. भांडली असती तर एक वेळ बरं वाटलं असतं. त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून आजोबा खिडकीपाशी बसून असायचे, आणि त्यांचे हात मांडीवर आपोआप पीठ मळल्यासारखे हलायचे.

आज सुनेनं ते बटण त्यांच्या हातावर ठेवलं.

"बाबा, चिमीनं डोकं खाल्लं म्हणून देतेय. आजच्या दिवसापुरतं. काही विसरलात, काही चुकलं, तर मात्र परत मागायचं नाही."

"नाही मागणार," आजोबा म्हणाले.

चिमीनं आणखी एक गंमत केली होती. वर्गात मैत्रिणींचे हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारून घेतली होती, म्हणजे प्रत्येकीला तिच्याच मापाची बोटं मिळतील. स्वतःचाही हात तिनं काढला होता. कागदांची गुंडाळी रबर लावून तिनं ओट्यावर ठेवली आणि ती लाह्यांचं पातेलं शोधायला गेली.

आजोबांनी एकेक कागद उलगडला. हाताखाली नावं लिहिलेली होती, पण त्यांना अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. ते हाताकडेच बघायचे. कुणाचा गुबगुबीत, कुणाची करंगळी बाहेर फेंगडी. पिठाची वळी तळहाताखाली लाटायची, कागदावर धरून माप बघायचं, सुरीच्या पाठीनं पेरांवर हलक्या रेघा ओढायच्या, बदाम दाबायचा. एक हात झाला की कागद उपडा ठेवायचा. बेकरीत मापाच्या ऑर्डरी अशाच करायचे, मोजत बसायचे नाहीत. कागद संपले की काम संपलं.

शेवटचा हात फार बारका होता. बोटं एकमेकांना चिकटून होती, थंडीत धरावीत तशी. आजोबांना उगीचच वाईट वाटलं. त्या बोटांना त्यांनी लोणी जरा जास्त लावलं.

बोटं भाजून झाली, ताटल्या भरल्या. त्या मांडायला सून आली आणि थांबली.

"बाबा, सहा सांगितल्या होत्या ना? या सात आहेत."

ती रागावली नव्हती. तिच्या आवाजात ती काळजी होती, जी आजोबांना रागापेक्षा जास्त लागायची. त्यांनी कागद पुढे केले. चिमीनं एकेक वाचला. सातवा तिनं उलटसुलट केला.

"यावर नावच नाहीये. आणि हा कुणाचा आहे, आजोबा? आमच्यात एवढा बारका हात कुणाचाच नाही."

"कुणीतरी दोनदा काढला असेल," सून म्हणाली. "तुमच्या त्या ढब्बीनं काढला असेल, दोन ताटल्या मिळाव्यात म्हणून."

"ढब्बीचा पंजा एवढा आहे, आई," चिमीनं हात फाकवून दाखवला. दोघी हसल्या. विषय तिथंच मिटला, पण जाताना सुनेनं एकदा ओव्हनकडे बघून घेतलं. आजोबांनी ते पाहिलं.

मुली साडेपाचला आल्या. येतानाच आरडाओरडा. आपापली ताटली ओळखून आपला हात शेजारी ठेवून बघायच्या, "अगं, माझंच बोट!" म्हणायच्या आणि खिदळायच्या. ढब्बीनं सातवी ताटली बरोबर हेरली.

"आजोबा, ही उरलेली मी घेऊ?"

"नको बाळा. ती मापानं केलीय. ज्याची त्यालाच द्यायची."

बेकरीत तसाच रिवाज होता. ऑर्डरचा माल दुसऱ्याला द्यायचा नाही. माणूस दोन दिवसांनी आला तरी माल फडक्याखाली त्याची वाट बघत राहायचा. आजोबांनी त्या ताटलीवर स्वच्छ फडकं टाकलं आणि ती ओट्याच्या टोकाला, भिंतीकडे सरकवली.

हॉलचे पडदे ओढले, दिवे घालवले, सिनेमा सुरू झाला. सून मुलींबरोबर बसली. आजोबांचा मुलगा कामावरून उशिरा यायचा होता. आजोबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, ओट्याकडे पाठ करून, म्हणजे दारातून पोरी दिसाव्यात. इथला दिवा त्यांनी लावला नव्हता, त्याचा उजेड टीव्हीवर पडला असता. टीव्हीचा निळसर प्रकाश फरशीवरून त्यांच्या पायापर्यंत यायचा आणि मागे जायचा.

हॉलमधून बिस्किटं मोडल्याचे आवाज येत होते. आजोबांनी डोळे मिटले. नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की माल आतपर्यंत भाजलाय की नाही. कुडुम... कुडुम. छान भाजला होता. सहा महिन्यांत हात विसरले नव्हते.

मग एक कुडुम मागून आला.

आजोबांनी डोळे उघडले. हॉलमध्ये सहाही डोकी ओळीनं दिसत होती, शेजारी सून. सिनेमात कुणीतरी जिना चढत होतं, त्यामुळे सगळ्या गप्प होत्या. खातही नव्हत्या.

कुडुम... मागं, ओट्याच्या टोकाशी. लहान घास. मग चावण्याचा बारीक आवाज, सावकाश, पुष्कळ दिवसांनी खाणारा माणूस चावतो तसा. लोण्याचा गोड वास होता, त्यात आता दुसरा एक मिसळला. ओल्या राखेचा. भट्टी बंद होऊन बरेच दिवस झाले की तिच्या पोटातून येतो, तो वास.

आजोबांच्या मानेवरून गार काहीतरी उतरलं. ते वळले नाहीत. ओरडावं असं क्षणभर वाटलं, पण ओरडून सांगायचं काय? पोरी घाबरून पळाल्या असत्या, पुन्हा या घरी आल्या नसत्या. चिमीला या शाळेत येऊन दोन महिने झाले होते, आणि याच तिच्या पहिल्या मैत्रिणी. आणि सून काही बोलली नसती. तिनं फक्त बटण पर्समध्ये टाकलं असतं.

"सावकाश खा," आजोबा पुटपुटले. "घाई नाही..."

चावणं थांबलं.

"आत पोरी आहेत. त्यांना कळू देऊ नकोस... एवढंच कर."

मग पुन्हा आवाज आला, पण अगदी दबका. तोंडावर हात धरून खाल्ल्यासारखा. आजोबांना भीती वाटत होती, आणि तरी त्यातही वाटलं, पोर शहाणं आहे.

सिनेमा संपला, दिवे लागले. आजोबा उठून ओट्यापाशी गेले. फडकं जिथल्या तिथं होतं, सुरकुती न पडलेलं. त्याखाली ताटलीत फक्त लाल जॅमचे पाच ठिपके.

पोरी गेल्या. जाताना ढब्बी दारातून ओरडली, "आजोबा, पुढच्या वेळी कान करा." चिमी तिच्यामागे जिन्यापर्यंत नाचत गेली. सून आत आली, तिनं फडकं उचललं आणि कमरेवर हात ठेवले.

"बाबा. पाचही?"

आजोबांनी ट्रे उचलला. "खाल्ली."

"साखर आहे तुम्हाला. ज्याची त्यालाच द्यायची म्हणे." ती हसली. मग सवयीनं तिनं ओव्हनचं बटण उपसलं, पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. "बघू उद्या," एवढंच म्हणाली. आजोबांनी ट्रे घासला, पुसला, ओव्हनमध्ये सरकवून दार लावलं. हे सगळं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी स्वतःशी दोनदा म्हणून घेतलं होतं.

भट्टीवाल्याला पहाटेच जाग येते. उजाडताना आजोबा पाण्यासाठी स्वयंपाकघरात गेले आणि जाता जाता त्यांचा हात ओव्हनच्या दाराला लागला.

दार गरम होतं.

त्यांनी वाकून बघितलं. बटणाच्या जागी नुसती लोखंडाची काडी. बटण सुनेच्या पर्समध्ये, पर्स तिच्या उशाशी. त्यांनी दार हळूच उघडलं. आतून लोण्याचा वास आला.

घासून ठेवलेल्या ट्रेच्या मधोमध एक बोट होतं. एकच. पहिल्यांदा पिठाला हात लावणाऱ्यानं केलेलं, एकीकडे जाड, एकीकडे चिरलेलं. बदाम नव्हता, नखाच्या जागी नुसतं दाबलं होतं. पण मधलं पेर टपोरं सुजलेलं होतं, टोक बाहेरच्या अंगाला वळलेलं, आणि आडवी एक खोल खाच होती.

आजोबांनी आपला उजवा हात शेजारी धरला. सुजलेलं पेर. वळलेलं टोक. तरुणपणी ट्रेच्या पत्र्यानं कापलं होतं ती खाच. त्यात आणि त्यांच्या तर्जनीत तसूभरही फरक नव्हता, मापानंच केलेलं.

बाहेर सुनेची पावलं वाजली. विचार करायला वेळ नव्हता. आजोबांनी ते बोट सदऱ्याच्या खिशात टाकलं, ओव्हनचं दार लावलं आणि त्यापुढे उभे राहिले.

"इतक्या लवकर उठलात?" तिनं हुंगल्यासारखं केलं. "अजून वास येतोय हो."

"कालचाच असेल."

"असेल." तिनं जांभई दिली, मग काखेतल्या पर्सची चेन उघडली. "रात्री चिमी झोपेपर्यंत तुमचंच कौतुक करत होती. पोरी पुढच्या शनिवारी यायच्या म्हणतायत." तिनं बटण त्यांच्या पुढे धरलं. "हे आता तुमच्याजवळच असू दे, बाबा. मला ते सांभाळायचा कंटाळा आला."

सहा महिने आजोबा याच शब्दांची वाट बघत होते. त्यांनी डावा हात पुढे केला आणि बटण घेतलं.

"उजव्या हाताला काय झालं?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. गारठलाय जरा."

खिशातलं बोट छातीला चांगलं गरम लागत होतं. उजव्या हाताची चार बोटंही गरम होती. फक्त तर्जनी बर्फासारखी थंड पडली होती, आणि आजोबांनी ती चहाच्या कपाला लावून धरली, उन्हात धरली, मुठीत दाबून ठेवली, तरी ती दिवसभरात गरम झाली नाही.