खूर जमा झालाच नाही

ही गोष्ट खरी आहे. शप्पथ! माझ्या सख्ख्या आत्याबरोबर घडलेली. आणि आत्या म्हणजे भुताच्या सिनेमात घोरणारी बाई, त्यामुळे ती थापा मारत असेल हे विसराच.

आणि हो, अमावास्या वगैरे काही नाही. भर दुपारी तीन वाजता घडलंय सगळं.

आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची, एका वकिलाकडे टायपिस्ट. घराच्या वरच्या खोलीत तिचे आजोबा राहायचे, आबा. घोडदळातले कॅप्टन, युद्धात शौर्यपदक मिळवलेले. त्यांच्या पलटणीचं पुस्तक निघणार होतं, त्यासाठी आबांच्या कामगिरीची दोन पानं मागवली होती. आबा सांगणार, आत्या टाइप करणार.

"काय टायपिस्टबाई, एक अक्षर चुकलं तर कोर्ट मार्शल!"

पहिलं पान झरझर झालं. मग दुसऱ्या पानावर युद्धातल्या माघारीची गोष्ट आली. वेढ्यातून आबांनी चाळीस स्वार जिवंत काढले होते, पदक त्याचंच.

"आणि तुमचा घोडा, आबा?"

आबा खिडकीकडे बघत राहिले.

"कामी आला. लिही."

तिने लिहिलं.

टप्...

अगदी खिडकीखाली. उभ्या जागी घोडा खूर आपटतो, तसा.

टप्... टप्...

आत्याने वाकून पाहिलं. डांबरी रस्ता, टळटळीत ऊन, चिटपाखरू नाही. त्या गल्लीत तिने जन्मात घोडा पाहिला नव्हता.

ती वळली, तर टेबलावरचा पाण्याचा ग्लास रिकामा. आत्ताच भरून ठेवला होता तिने. आबा तर जागचे हललेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी पान पुन्हा टाइप करताना तेच वाक्य, तोच आवाज... आणि तांब्या कोरडा.

तिसऱ्या दिवशी मोरीतली भरलेली बादली कोरडी ठणठणीत. थेंबही नाही!

"आबा... तुम्हाला ऐकू येतंय?"

"अडतीस वर्षं येतंय." आबा तिच्याकडे वळले. "तुलाही येतंय ना? बरं झालं. मला वाटायचं, मीच येडा झालो."

मग त्यांनी सांगितलं. हळूहळू, थांबत थांबत.

घोड्यांच्या खुरांना गोणपाट बांधून ते निसटले होते. पण तळ एकदम शांत झाला असता, तर शत्रूला लगेच कळलं असतं. म्हणून आबांनी स्वतःचा घोडा दगडी अंगणात बांधून ठेवला. तहान लागली की तो खूर आपटायचा. दोन दिवस त्याला पाणी नव्हतं...

"समोर ओढा दिसत होता गं त्याला. निघताना पाणीसुद्धा दाखवलं नाही मी. दाखवलं असतं, तर तो गप्प झाला असता."

पलटणीचा एक नियम होता. प्रत्येक घोड्याच्या खुरावर नंबर डागलेला असे. घोडा मेला, की नालबंद तो खूर कापून आणून जमा करायचा. खूर आला, की यादीतून घोड्याचं नाव कमी. नाही आला, तर घोडा हजर.

"चाळीस माणसं आणली होती, त्यामुळे खूर कुणी मागितलाच नाही. तो अजून हजर आहे, पोरी. खरं लिही. पलटणीला कळू दे, म्हणजे सुटेल तो."

आत्याने खरं लिहिलं. खाली सगळं शांत झालं.

संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, ते वाचलं आणि टराटरा फाडलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का? चौकाला आबांचं नाव द्यायचं चाललंय! 'घोडा कामी आला.' तीन शब्द. टाइप कर आणि टाक पोस्टात."

अण्णांपुढे बोलायची कुणाची टाप होती? तिने टाइप केलं. टाकलं पोस्टात.

दुसऱ्या दुपारी आबांनी विचारलं, "पाठवलंस? खरं?"

आत्या म्हणाली, "हो, आबा."

आबा हसले. कूस बदलली, आणि लहान मुलासारखे गाढ झोपले. खिडकीखाली काहीच वाजलं नाही.

आत्याने सुटकेचा निःश्वास सोडला...

टप्...

तिच्या खुर्चीमागे.

मानेवर गरम श्वास. ओला नाही... कोरडा.

आबांची झोप मोडली नाही. महिन्याभराने ते शांतपणे गेले. चौकाला त्यांचं नावही लागलं.

गेल्या आठवड्यात आत्याने हे मला सांगितलं. मी आपली आगाऊ! म्हटलं, "मग आता कळव की खरं!"

"कुणाला? पलटण कधीच मोडली. नाव कमी करणारं कुणी उरलंच नाही."

मग अचानक माझा हात धरून म्हणाली, "तुला आत्ता काही ऐकू आलं का गं?"

मी पटकन "नाही" म्हणाले.

तेव्हापासून विचार करतेय... मी असं का म्हणाले?