भिंतीच्या आतले तीन झटके

"भुतानं जीव वाचवला, तर त्याला थँक्यू कसं म्हणायचं?"

हा प्रश्न या पेजवर विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी लावली. त्यांना वाटलं, मी टरकणार. मी? मी तर अख्खी घटनाच लिहितेय! आणि आत्ताच सांगून ठेवते, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हवं तर माझ्या बाबांना विचारा.

ते विषय बदलतील, एवढंच.

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारचे चार. रात्र नाही, वादळ नाही, चांगलं लख्ख ऊन पडलेलं.

माझे बाबा इलेक्ट्रिशियन. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं काम ते सहसा घेत नाहीत. घेतलंच, तर आधीच्या माणसाशी बोलून, कुठली वायर कुठून आणलीय हे विचारूनच. "भिंतीच्या आत काय आहे, ते ज्यानं घातलं त्यालाच ठाऊक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका नव्या दुमजली घराचं काम असंच अर्ध्यावर थांबलं होतं. ते करणाऱ्या इलेक्ट्रिशियनना सगळे 'मास्तर' म्हणायचे. त्यांचा फोन बंद. घरमालकीण काकू बाबांच्या मागे लागलेल्या. बाबांचं एकच, "आधी मास्तरांशी बोलू द्या."

शनिवारी काकूंचा फोन मी उचलला.

"हो हो काकू, उद्या येतोच आम्ही!"

सांगून मोकळी.

आई म्हणाली, "या पोरीच्या जिभेला फ्यूजच बसवलेला नाही."

बाबा भडकले. पण शब्द गेला होता. "मग आता ठिणगीबाई, तुम्हीही चला मदतीला."

ठिणगी म्हणजे मी.

घर पूर्ण रिकामं होतं. नुसता सिमेंटचा वास. खिडकीत मास्तरांचा पेचकस आणि काळ्या टेपचं अर्धं रीळ तसंच पडलेलं. टेपचं टोक दुमडलेलं, पुढच्याला चटकन सोडवता यावं म्हणून. खालच्या वायरींच्या प्रत्येक जोडावरही तसंच दुमडलेलं टोक.

"काय हात आहे!" बाबा पुटपुटले. "असा माणूस काम टाकून जात नाही गं..."

त्यांनी मेन फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. नेहमीसारखा. फ्यूज खिशात, म्हणजे घरात करंट नाही.

मग काम समजावलं. वायर ओढून घेण्यासाठी भिंतीतल्या पाइपमधून मी खालून पोलादी स्प्रिंग वर ढकलायची. वरच्या खोलीतल्या बॉक्सपाशी बाबा ती पकडणार. मग या धंद्यातल्या ठरलेल्या खुणा. दोन झटके म्हणजे 'सापडली'. तीन झटके म्हणजे...

"हात सोडायचा. आधी सोडायचा, मग विचारायचं. कळलं?"

"कळलं हो, किती वेळा!"

मी बोर्डापाशी बसले. पाठीमागे जिन्यावर पावलं वाजली. एक एक पायरी. वर गेली.

मी ढकलायला लागले.

सर्र... सर्र...

मग हाताला जाणवलं.

एक झटका. दोन.

"सापडली ना? भारीच!" मी ओरडले.

पण वरून ओढ येईना.

मी अजून थोडी ढकलली. आणि...

एक. दोन. तीन.

इतक्या जोरात, की स्प्रिंग बोटांत रुतली.

मी हात सोडला.

वर कुठेतरी 'चट्' असा बारीक आवाज झाला.

"बाबा, काय झालं?"

"कुठे काय झालं?"

आवाज वरून आला नव्हता.

माझ्या पाठीमागून आला होता. बाबा बाहेरच्या दारात उभे होते. हातात स्कूटरच्या डिकीतली हातोडी.

"तू एकटीच सुरू केलंस? मी अजून वर गेलोच नाही."

मी स्प्रिंगकडे बोट दाखवलं. बाबांनी सवयीनं टेस्टर लावला...

टेस्टर पेटला.

बाबांचा हात खिशाकडे गेला. फ्यूज तिथेच होता.

घरामागे बांधकामाचं तात्पुरतं मीटर होतं. त्यावरून एक वायर थेट वरच्या बॉक्समध्ये नेलेली. मेन बोर्डाशी तिचा संबंधच नव्हता. मास्तरांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी ते मीटर बंद केलं, दोनदा तपासलं, मग आम्ही वर गेलो.

जिन्यावर सिमेंटची धूळ. तिच्यावर फक्त आमचीच पावलं.

बॉक्समध्ये स्प्रिंग बाजूनं एका उघड्या वायरला टेकलेली होती. आणि तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली.

मी ढकलली तेव्हा टोक कोरं होतं. शप्पथ.

टेपचं टोक... दुमडलेलं.

घरी येऊन बाबांनी पुन्हा मास्तरांचा नंबर लावला. या वेळी लागला. त्यांच्या मुलीनं उचलला. मास्तर तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. काम करतानाच डोक्यात रक्तस्राव झाला, वाचाच गेली.

"दवाखान्यात सारखी चादर ओढायचे," ती ताई सांगत होती. "तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. त्यांना काय हवं होतं, आम्हाला कळलंच नाही, काका."

बाबांनी फोन खाली ठेवला.

"बास झालं. त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही," आई म्हणाली. "दोघांनीही!"

बाबा मान खाली घालून बसले होते. माझ्या बोटांवर अजून वळ होता. आज चार दिवस झाले, अजून आहे. आणि शाळेत लिहिता लिहिता कधी कधी मनगट मागे ओढल्यासारखं होतं. हळूच.

दोनदाच. म्हणून मी कुणाला सांगितलेलं नाही.

पण तेव्हा मी उठून उभी राहिले. आवाज कापत होता. कापू दे.

"आई, बाबा, ऐका. ते काम आपणच पूर्ण करायचं. मास्तरांना काम टाकायचं नव्हतं, त्या वायरचं सांगून जायचं होतं. येत्या रविवारी आपण जातोय."

मग बाबांकडे वळून म्हटलं, "आणि या वेळी वरचं टोक मी धरणार."