लेसर बंद केल्यावर

बाबा गेल्यावर आईला मी नागपूरहून कॅनडात, माझ्याकडे कनाटाला आणलं. ती नीट जेवायची नाही, बोलायची नाही. जानेवारीत घर गरम ठेवणारी फर्नेस बिघडली, म्हणून एका दुपारी तिला लॅबमध्येच घेऊन गेले. चष्म्यावर लेसरचा गॉगल चढवून ती कोट घालूनच खुर्चीत बसली.

माझं काम काचेवर बसवलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांवर. लेसर पडला की तिथे प्रकाश आणि पदार्थ मिसळून कण तयार होतात. लेसर मंद असेल तर जो तो आपल्याच नादात. स्क्रीनवर धूसर तांबूस डाग दिसतो. ठरावीक ताकदीला मात्र सगळे एकदम एका तालात येतात आणि डाग लख्ख होतो.

"काय आहे गं हे, प्रिया?"

"कण आहेत. सगळे मिळून एकासारखे वागतात."

"आपल्या घरात कधी जमलं नाही ते!"

आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि डाग लख्ख झाला. लेसर निम्म्या ताकदीवरही नव्हता.

माझा सहकारी देवदत्त याने कॅमेरा, फिल्टर, केबल, सगळं चेक केलं. शेवटी संकोचत म्हणाला, "काकू, जरा बाहेर बसता?"

आई बाहेर गेली. डाग धूसर.

आत आली. लख्ख.

मी लेसर बंद केला. एरवी त्यानंतर हे कण डोळ्याची पापणी लवेपर्यंतही टिकत नाहीत.

डाग तसाच होता.

हळूहळू उजळत होता, विझत होता. मध्येच अडखळायचा, मग पुन्हा सुरू. शेवटच्या आठवड्यात बाबांचा श्वास असाच अडखळायचा. उशाशी बसून आम्ही दोघींनी तो ऐकला होता.

आईने खुर्ची पुढे ओढली.

"थंडी वाजते का हो तुम्हाला?"

अंगातला कोट काढून तिने टेबलाच्या कडेला ठेवला. देवदत्त खाली बघत राहिला.

"आई, निघूया."

"थांब जरा. झोप लागू दे त्यांना."

डाग सावकाश मावळला. त्या संध्याकाळी आई दोन पोळ्या जेवली.

मार्चअखेर ती नागपूरला परतली. तेव्हापासून लॅबमधलं प्रत्येक रीडिंग अगदी हवं तसं येतं.

काल सकाळी तिला व्हिडिओ कॉल केला. तिकडे अंधार पडला होता. ती गोधडी शिवत होती. तांबूस उजेडात चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती दिसत होती.

"बल्ब बदललास का गं?"

"कुठला बल्ब? सकाळपासून लाईट नाही इथं," आई म्हणाली, आणि पहिल्याच खेपेला तिने सुईत दोरा ओवला.